यादी कुणाच्या टेबलावर?

कोल्हापुरातल्या गंगावेशच्या दूध कट्ट्यावर फुटबॉल आणि राजकारण सोडून तिसरा विषय फार वेळ टिकत नाही. परवा टिकला, त्याला कारण आमचा रिक्षावाला पप्या. रस्त्याकडेला पडलेल्या एका म्हाताऱ्याला त्यानं रात्री रिक्षात घातलं आणि गावभर फिरवलं. ठाण्यात म्हणाले, आधी दवाखान्यात दाखव. दवाखान्यात म्हणाले, ह्याला भरती करण्यासारखं काही नाही, निवाऱ्यात ने. निवाऱ्यात म्हणाले, ह्याला स्वतःचं स्वतःला आवरता येत नाही, आमच्याकडं सांभाळायला माणूस नाही, दवाखान्यातच ने. पहाटे म्हातारा जिथं होता तिथंच परत.

"माणुसकी मेली गड्यांनो," पप्या म्हणाला.

"माणुसकीचा काय संबंध?" अण्णा लगेच भडकले. अण्णांचा जन्म सरकारी फायलींत गेलाय. "तिघंबी आपापल्या जागी बरोबर हायत. चुकलंय ते तिघांच्या मधी. पोलीस एसपींच्या हाताखाली, सरकारी दवाखाना वैद्यकीय शिक्षण खात्याचा, निवारा महापालिकेचा, भिक्षेकरी गृह महिला व बालविकासाकडं. ह्या सगळ्यांचा साहेब एकच असा कुठं भेटतो माहीत हाय? थेट मुंबईत. एका म्हाताऱ्यासाठी फाईल मंत्रालयात जाणार व्हय?"

ताई नर्स आहेत, रात्रपाळीला जाता जाता दूध प्यायला थांबतात. त्या म्हणाल्या, "मधला रस्ता कायद्यात लिहिलेला आहे अण्णा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १००. मानसिक आजारी वाटणारा माणूस रस्त्यावर फिरताना दिसला, स्वतःचं बघू शकत नसला, तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यायचं आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. डॉक्टरनं तपासायचं. भरतीची गरज नसली तर पोलिसांनीच त्याला घरी सोडायचं, घर नसेल तर सरकारी निवाऱ्यात. शिवाय बेवारस असेल तर हरवलेल्या माणसाची तक्रार नोंदवून घरचे शोधायचे, तेही ठाण्याचंच काम."

"म्हंजे मी जी वरात काढली ती पोलिसांनी काढायची हुती?"

"तुझ्या म्हाताऱ्याला मानसिक आजार असता तर, हो. नुसता म्हातारा आणि अशक्त असेल तर १४५६७ वर फोन. ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, बेवारस म्हाताऱ्यांसाठी माणसंही पाठवतात. पण रात्री नाही."

इथं खरी गोम आहे असं मला वाटतं. प्रत्येक प्रकारच्या माणसासाठी कुठला तरी नंबर आहे. मुलांसाठी १०९८, म्हाताऱ्यांसाठी १४५६७, मन बिघडलेल्यांसाठी १४४१६, आणि काहीच सुचलं नाही तर ११२. रस्त्यावरचा माणूस मात्र एकाच वेळी म्हातारा, आजारी, दारूच्या आहारी गेलेला आणि कागदपत्रं हरवलेला असतो. त्यानं, किंवा पप्यानं, आपण नक्की कुठल्या खात्यात बसतो हे ओळखून फोन लावायचा.

मग विषय महापुरावर गेला. कोल्हापुरात कुठलाही विषय तासाभरात महापुरावर जातोच.

"२०१९ ला बघितलंस न्हवं?" पप्या म्हणाला. "पंचगंगा पंचावन्न फुटांच्या वर. धोक्याची पातळी त्रेचाळीस. तरी कोण रस्त्यावर झोपलं का? शाळा उघडल्या, मंगल कार्यालयं उघडली, तालमीतनं जेवणाचे डबे. तवा कुणी इचारलं न्हाई, हा माणूस कुठल्या खात्याचा म्हणून."

"कारण तेव्हा साहेब एकच होता," मास्तर म्हणाले. "आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५. कलेक्टर जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष. ते म्हणतील ती शाळा उघडते, ते म्हणतील तो डॉक्टर येतो. एक कंट्रोल रूम, आणि छावणीत कोण आलं, कोण गेलं त्याची नोंद."

मला हा मुद्दा तेव्हा एकदम पटला. अण्णांनी तो दोन वाक्यांत पाडला. "पूरग्रस्ताला घर असतंय, मास्तर. पाणी उतरलं की त्यो जातोय. समन्वय आठ-पंधरा दिवस पुरतोय तो त्येच्यामुळं. ह्या म्हाताऱ्याचं पाणी कवा उतरणार?"

बराच वेळ कुणाला उत्तर सुचलं नाही. अभ्यानं मग फोन काढला. अभ्या पुण्याच्या कंपनीत, घरून काम करतो, आणि जगात कुठं काय चाललंय ते त्याला आमच्या आधी कळतं.

त्यानं अमेरिकेतल्या ह्यूस्टनचं सांगितलं. तिथं बेघरांसाठी शंभरावर संस्था आणि सरकारी कार्यालयं एका छत्राखाली आली. माणूस कुठल्याही दारात गेला तरी प्रश्न तेच, नोंद एकाच ठिकाणी, आणि रिकामी झालेली खोली ज्याला जास्त गरज त्याला आधी. २०११ पासूनच्या दहा-बारा वर्षांत तिथं रस्त्यावर आणि निवाऱ्यात राहणारे निम्म्याहून कमी झाले. "आणि आधी सुधार, नोकरी बघ, दारू सोड, मग घर, असं नाही. आधी खोली, बाकीचं नंतर," अभ्या म्हणाला. "फिनलंडमध्येही २००८ पासून हेच."

"आणि लॉस एंजेलिसचं सांग की," मास्तर म्हणाले. मास्तरही वाचतात, फक्त सांगत नाहीत. "तिथं बेघरांसाठी शहर आणि काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, जोड संस्था १९९३ पासून आहे. समन्वयासाठीच काढलेली. २०२५ मध्ये काउंटीनं तीस कोटी डॉलरच्या वर पैसे तिच्याकडून काढून स्वतःचं वेगळं खातं करायचा ठराव केला. त्याच्या आदल्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या लेखापरीक्षकांनी लिहिलं होतं की पाच वर्षांत बेघरांवर चोवीस अब्ज डॉलर खर्च झाले, आणि त्यातून काय साधलं ते राज्यानं नीट तपासलेलंच नाही."

"बगा! तिथंबी आपल्यासारखंच," पप्याला बरं वाटलं.

माझ्या मते ह्यूस्टनचं गुपित नोंदवहीत नाही, भाड्यात आहे. तिथं नोंदीच्या शेवटी परवडणारी खोली होती. लॉस एंजेलिसमध्ये भाडी आभाळाला भिडलेली. आपल्याकडं नोंदीच्या शेवटी काय आहे? निवाऱ्यातली कॉट. पंतप्रधान आवास योजनेत घर बांधायला पैसे मिळतात, पण त्यासाठी आधी जागा तुमच्या नावावर हवी. जागा नावावर असती तर माणूस फुटपाथवर कशाला आला असता?

आणि कॉटचा हिशेब अण्णांनी मांडला. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचे २०१३ चे नियम त्यांना पाठ आहेत. लाख लोकवस्तीमागं किमान शंभर जणांची सोय, माणशी पन्नास चौरस फूट, बारा महिने चोवीस तास उघडा, पन्नास माणसांच्या निवाऱ्याला चालवायला वर्षाला सहा लाख. "माणशी दिवसाला तेहतीस रुपये. त्यात तीन पाळ्यांचे माणूस, लाईट, पाणी, अंथरूण. म्हाताऱ्याला उचलून न्हाऊ घालणारा माणूस त्यात कुठनं बसवायचा? निवाऱ्यातला पोरगा न्हाई म्हणाला त्यो ह्या तेहतीस रुपयांमुळं." २०११ च्या जनगणनेत आपलं शहर साडेपाच लाखांचं. म्हणजे पाच-साडेपाचशे जणांची सोय, तीही त्या वेळच्या हिशेबानं.

"पण माणसं किती आहेत हे तरी ठाऊक आहे का?" ताईंनी विचारलं, आणि सगळ्यांनी मास्तरांकडं बघितलं. कारण २८ फेब्रुवारी २०११ ला, बेघरांच्या मोजणीच्या रात्री, मास्तर फॉर्म घेऊन फिरले होते. देशभरात १७ लाख ७० हजारांवर माणसं त्यात मोजली गेली.

"एका रात्रीत जेवढी दिसतात तेवढीच," मास्तर म्हणाले. "पुलाखाली दिसली, बंद दुकानाच्या पायरीवर दिसली. बायका दिसत नाहीत, त्या आडोशाला झोपतात. आणि मी नावं लिहून घेतली तरी ती शहराच्या उपयोगाची नाहीत. जनगणना कायद्यानं ती गुप्त. शहराला आकडा मिळतो. आपल्याला लागते नावांची यादी. कोण, कुठं झोपतो, आजार काय, गाव कुठलं, मागच्या आठवड्यात कुणी त्याला काय कबूल केलं."

अभ्या खूश. ताई मात्र सरळ म्हणाल्या, "अशी यादी मी तरी देणार नाही. भीक प्रतिबंधक कायदा १९५९ चा आहे, दिल्लीत २०१८ मध्ये हायकोर्टानं त्यातली मुख्य कलमं रद्द केली, महाराष्ट्रात तो अजून चालतो. त्यात उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि भटकणारा माणूस भीक मागूनच जगत असावा असं वाटतं, एवढ्यावरही त्याला भिकारी ठरवता येतं. पहिल्यांदाच एक ते तीन वर्षं डांबायची सोय आहे. कुणीतरी मोठा पाहुणा गावात येणार म्हटलं की तुमची यादी घेऊन गाडी फिरेल."

हे ऐकल्यावर माझंही यादीचं प्रेम जरा उतरलं. पण यादीशिवाय चालणारही नाही. तर ती संमतीनं करावी, पोलिसांकडं देऊ नये, आणि दर आठवड्याला चारही खात्यांच्या माणसांनी एका टेबलाशी बसून एकेक नाव घेऊन विचारावं, ह्याचं पुढं काय झालं. असं मी म्हटलं.

"टेबल कुणाचं?" अण्णा. "आयुक्तांनी बोलावलं तर बाकीची खाती कारकून धाडणार. कलेक्टरांनी बोलावलं तर साहेब लोक स्वतः येणार, पण कलेक्टर दर आठवड्याला एवढ्यासाठी बसणार न्हाईत."

"महिन्यातून एकदा कलेक्टर, मधल्या आठवड्यांत आयुक्त," अभ्यानं तोडगा काढला.

"आणि त्या टेबलाला निवाऱ्यात राहणारं एक तरी माणूस पाहिजे," ताई म्हणाल्या.

अण्णांनी ग्लास खाली ठेवला. "बसवा की. पण आधी मला सांगा, ओळखपत्राशिवाय त्याला कलेक्टर ऑफिसच्या गेटातनं आत सोडणार कोण?"