बोट ओढू नका, नियम वाचा

गोव्यात डिचोली घ्या, पेडणे घ्या, फोंडा घ्या, काउंटर बँकेचा असो की आधारचा, प्रकार एकच. म्हातारी बाई हात पुढे करते. करंगळी आणि अनामिका तळव्यात वळलेल्या, अंगठा झिजलेला. ठसा घ्यायच्या मशीनवर लाल दिवा लागतो. काउंटरवरचा मुलगा "बाय, बोट सारकें दवर" म्हणतो. दुसऱ्या वेळी आवाज चढवतो. तिसऱ्या वेळी सरळ तिचं मनगट धरतो आणि ते वाकडं बोट काचेवर दाबतो. मागची रांग माना उंच करून बघत असते. कुणी "सोड रे तिला" म्हणत नाही. माणसाचा हात आहे तो! परवानगी न विचारता धरायला तुम्हाला कुणी सांगितलं?

ते बोट सरळ होणार नाही, हे एकदा डोक्यात घ्या. कुष्ठरोगात कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी नस सुजते आणि निकामी होते. तिच्यावर चालणारे हातातले बारीक स्नायू गेले की करंगळी आणि अनामिका आत वळतात, आणि वर्षानुवर्षं तशाच राहिल्या की सांधे आखडतात. नसेबरोबर त्या भागाला घाम येणंही थांबतं. कातडी कोरडी पडते, चिरते, ठशाच्या रेषा झिजतात. स्कॅनर वाचणार काय? कितीही दाबलं तरी लाल दिवाच लागणार.

आणि दाबण्यात धोका आहे. हात बधिर असतो. आखडलेलं बोट ओढलं की वळीतली कातडी फाटते आणि तिला ते कळतही नाही. घरी गेल्यावर कुणीतरी पदराला लागलेलं रक्त बघतं. अशी जखम चिघळते, पू होतो, हाडापर्यंत जातो, बोट आखूड होतं. रोगामुळे बोटं गळून पडतात हा समज खोटा आहे. बोटं जातात ती न कळलेल्या भाजण्या-कापण्यामुळे, गरम पेला, चुलीवरचा तवा, आणि तुमच्यासारख्यांनी केलेली ओढाताण यांमुळे. तुमच्या दोन मिनिटांच्या घाईची किंमत ती बाई बोटाने मोजते.

सगळ्यात जास्त चीड याची येते की हे सगळं करायची गरजच नाही. बँकेत सही करता येत नसेल तर अंगठ्याचा ठसा चालतो, हाताचा अंगठा नसेल तर पायाच्या अंगठ्याचा चालतो, आणि तोही नसेल तर चेकवर किंवा पैसे काढायच्या स्लिपवर नुसती खूण चालते. अट एवढीच, की बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार हवेत आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी हवा. म्हणजे निम्मी अट बँक स्वतःच्या खुर्चीतून उठून पुरी करू शकते. ग्राहक बँकेत येऊच शकत नसेल तर त्याच्या वतीने पैसे कुणी काढायचे हे तो याच पद्धतीने ठरवून देऊ शकतो. हे रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेल्या सूचनांमध्ये आहे. 70 वर्षांवरच्या ग्राहकांना आणि दिव्यांगांना घरपोच प्राथमिक सेवा द्यायची सूचनाही नोव्हेंबर 2017 ची आहे. तरी उत्तर मिळतं, "सिस्टम घेत नाही." घेत नाही ना? मग उठा आणि साक्षीला सही करा.

आधारचंही तेच. बोटं नसतील तर डोळ्यांवर नोंदणी होते. बोटं आणि डोळे दोन्ही चालत नसतील तर अपवाद म्हणून नोंदणी होते, त्यात चेहऱ्याचा आणि हातांचा फोटो घेतात. पडताळणीला बोटाखेरीज डोळे, चेहरा आणि ओटीपी असे रस्ते आहेत. पण ऑपरेटर बोटांवर अडून बसतो आणि सांगतो, "पुढच्या सोमवारी या, नवीन मशीन येईल." मशीन नवं आलं म्हणून झिजलेल्या रेषा उगवणार आहेत का? गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा हयातीचा दाखला द्यायची वेळ आली की असेच लोक हेलपाटे घालताना दिसतात. माणूस समोर उभा आहे, बोलतो आहे, आणि तो जिवंत असल्याचा पुरावा त्याच्या नसलेल्या बोटाकडे मागायचा! यात कुणालाच काही चुकतंय असं वाटत नाही.

ती वाकड्या बोटांची बाई गेल्यावर मशीनची काच सॅनिटायझरने पुसतात, तेही तिच्या देखत. तिच्याआधी खोकत आलेल्या माणसानंतर पुसली नव्हती. कुष्ठरोगाचा उपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, रोगाच्या प्रकारानुसार 6 किंवा 12 महिन्यांचा, आणि औषधं सुरू झाल्यावर थोड्याच काळात लागण पसरायची थांबते. वाकडं बोट म्हणजे चालू रोग नव्हे. रोग जातो, नसेचं नुकसान मागे राहतं. वीस-तीस वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या माणसाला तुम्ही अजून वेगळ्या पेल्यात चहा देता.

आता चेहऱ्याकडे या. मोबाइलवर केवायसी करायची तर कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा म्हणे. भाजलेल्या कातडीचा व्रण आवळत जातो आणि पापणी ओढून धरतो, डोळा मिटत नाही. चेहऱ्याची नस गेली तरी तेच. असा माणूस मिचकावणार कसा? ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांना यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. 30 एप्रिल 2025 च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि डोळे मिचकावण्याला पर्याय द्यायला सांगितलं. शाखेत जाऊन हे विचारा. "ॲपमध्ये तसा ऑप्शन नाही" एवढंच ऐकू येईल.

कायद्यातही एक भोक आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांत ॲसिड हल्ल्याने विद्रूप झालेला चेहरा आहे. स्टोव्हच्या भडक्याने तसाच झालेला चेहरा नाही. मान, हात, जबडा यांची हालचाल अडली असेल तर त्यावर दिव्यांगत्वाचे टक्के मिळतात. नुसत्या चेहऱ्यावर काही नाही. आणि नोकरीच्या मुलाखतीत पहिल्यांदा बघतात तो चेहराच.

लोकांच्या तोंडाबद्दल तर काय सांगावं! बसमध्ये चेहऱ्यावर व्रण असलेल्या बाईला अनोळखी माणूस वाकून विचारतो, "कितें जालें गो तुका?" ती काय उत्तर द्यायला बांधील आहे? दवाखान्यात, दुकानात, पंचायतीत लंगडणाऱ्याला सोडून प्रश्न सोबतच्या माणसाला विचारतात, "त्यांना काय हवंय?" अहो, पाय आखूड आहे, कान आणि जीभ शाबूत आहेत. लग्नात फोटोग्राफर "तुम्ही जरा मागे" म्हणतो आणि घरचेच मान डोलावतात.

दुभंगलेल्या ओठाचं मूल झालं की सगळे आईवर तुटून पडतात. ग्रहणात भाजी चिरलीस, सुरी धरलीस. बाळाचा ओठ गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, म्हणजे कित्येक बायकांना दिवस गेल्याचं धड कळलेलंही नसतं तेव्हा. त्या आठवड्यांत ग्रहण होतं की नव्हतं हेसुद्धा कुणी पंचांगात बघत नाही, दोष मात्र लगेच चिकटवतात. त्या वेळी खरं सांगायचं असतं ते वेगळंच. ओठाचं ऑपरेशन साधारण पहिल्या वर्षात, टाळूचं दीड वर्षाच्या आत, म्हणजे बोलणं स्पष्ट यायला मदत होते. तोवर पाजताना बाळ उभं धरायचं, दूध थोडं थोडं द्यायचं, मध्ये ढेकर काढायचा, नाहीतर दूध नाकातून येतं आणि वजन वाढत नाही. हे सांगायला एक शेजारीण येत नाही, ग्रहणाची आठवण करून द्यायला दहा येतात.

जानेवारी 2023 मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव सुरू झाला. रॅम्प, खुणांची भाषा, व्हीलचेअर, सगळं मांडवीकाठी दिसलं. मनापासून बरं वाटलं. पण तोच माणूस गावी परतताना खाजगी बसच्या गुडघाभर उंच पायरीपाशी उभा असतो आणि कंडक्टर "बेगीन, बेगीन" ओरडत दारावर थाप मारतो.

म्हणून काउंटरवर अडवलं तर गयावया करू नका. "अंगठा लागत नाही म्हणून सेवा नाकारली" असं तारखेसह, शिक्क्यासह लेखी मागा. देत नसतील तर आपणच अर्ज लिहून आवक विभागात द्या आणि पोच घ्या. तक्रार बँकेत 30 दिवस पडून राहिली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाते, सरकारी कचेरीची राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे. चारचौघांत मुद्दाम अपमान केला असेल तर दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 92 आहे, सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. अर्जात कलमाचा आकडा लिहा. आणि हात धरायला आला तर हात मागे घ्या, मॅनेजरला बोलवा आणि साक्षीदाराच्या जागी त्याचीच सही मागा.