टेस्टमंदी येत नाई म्हणे!

आज सकाळी ग्राउंडवर कडूनिंबाखाली एक रिकामी बाटली पडलेली होती. बोटाएवढी, काचेची, शेजारी सिरिंज. लेबलवर मेफेंटरमाइन. कमरेत भूल दिली की पेशंटचा बीपी धाडकन उतरतो, तो वर आणायला ऑपरेशन थिएटरात हे देतात. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी नाही. पोट्ट्यांना विचारलं तर एक जण हसून म्हणतो, "कायले टेन्शन घेता काका, टेस्टमंदी येत नाई ते."

येतं रे बाबा. वाडा (WADA) म्हणजे खेळातलं डोपिंग रोखणारी जागतिक संस्था, तिच्या बंदी यादीत ते नावानिशी आहे. लघवीच घेतली नाही तर काय कप्पाळ येणार?

अमेरिकेचा सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगसुद्धा वर्षानुवर्षं हेच सांगत होता, मी कधी सापडलो नाही. १९९९ ते २००५, सलग ७ वेळा टूर द फ्रान्स, म्हणजे सायकलची सर्वांत मोठी रेस! आणि सापडला नव्हता असंही नाही. १९९९ ला लघवीत कॉर्टिसोन हे स्टेरॉइड आलं, तर बसायच्या जागी फोड झाला, मलम लावलं, अशी मागल्या तारखेची चिठ्ठी डॉक्टरकडून आणली. मिटलं प्रकरण.

बाकीचं सगळं हिशोबाचं काम होतं. ईपीओ हे हार्मोन आपल्याच मूत्रपिंडात बनतं, तांबड्या पेशी वाढवतं. बाहेरून टोचलं की रक्त दाट आणि दम जास्त. १९९७ पासून नियम आला, रक्तात तांबड्या पेशींचा वाटा ५० टक्क्यांवर गेला की दोन आठवडे रेस बंद. मग संघ स्वतःच मशीनवर रक्त फिरवून आकडा बघायचे आणि जास्त निघाला की सलाइन चढवून पातळ करायचे. १९९८ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला तर तपासणीवाले घरात बसलेले असताना आर्मस्ट्राँगच्या संघाच्या डॉक्टरनं रेनकोटाखाली सलाइनची पिशवी लपवून त्यांच्या समोरून आत नेली. पुढे ईपीओ लघवीत पकडता यायला लागलं, तेव्हा आपलंच रक्त काढून थंड जागी ठेवायचं आणि टूर सुरू असताना परत चढवायचं. शेवटी २०१२ ला आर्मस्ट्राँगला पाडलं ते मुख्यतः २६ जणांच्या साक्षींनी. त्यातले ११ जण त्याच्याच संघातले.

"सगळेच घेत होते, मग बरोबरीच झाली की," असं म्हणणारे आहेत. घेत होते बहुतेक, मान्य. पण ज्याचा आकडा मुळात ४८ त्याला ५० पर्यंत जाऊन काय मिळणार, आणि ज्याचा ४१ त्याला किती मिळणार? कसली बरोबरी? आणि फ्रान्सचा सायकलपटू क्रिस्तोफ बासों घेत नव्हता, तसं उघड बोलतही होता. १९९९ च्या टूरमध्ये आर्मस्ट्राँगनं त्याला चालत्या रेसमध्ये गाठून सुनावलं, घरी जा. बिचारा अर्ध्यातून गेला. मला राग येतो तो याचा, सुईचा नंतर.

आपल्याकडे शंकरपटात कोणी बैलाला काही पाजलं असा नुसता संशय आला तरी पटावर भांडण पेटतं. पोट्ट्यानं टोचून घेतलं तर म्हणे "मेहनत करून रायला"!

इटलीचा सायकलपटू मार्को पंतानी, त्याच्याबद्दल मात्र कठोर बोलवत नाही. १९९८ ला जिरो (इटलीची मोठी सायकल रेस) आणि टूर दोन्ही जिंकलेला माणूस. पुढच्या वर्षी जिरोत सर्वांत पुढे असताना, दोनच दिवस उरलेले, आकडा ५२ आला आणि बाहेर काढला. २००४ च्या फेब्रुवारीत हॉटेलच्या खोलीत एकटा मेला, कोकेननं. वय ३४. तेव्हा टाळ्या पिटणाऱ्यांतलं कोण होतं जवळ?

पुन्हा त्या बाटलीकडे येतो. मेफेंटरमाइन हे अँफेटामिनच्या कुळातलं. ठोके वाढतात, बीपी चढतो, थकवा कळत नाही. जातो कुठे? कुठेच नाही. थकवा म्हणजे अंगाची घंटा, तिची वायर तोडली एवढंच. वरून आपलं ४५ डिग्रीचं ऊन. ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन १९६७ च्या टूरमध्ये माँ व्हाँतू डोंगराच्या चढावर असाच गेला. ऊन, दारू, अँफेटामिन. पडला, लोकांनी परत सायकलवर बसवला, थोडा गेला आणि कायमचा पडला. जर्सीच्या मागच्या खिशात गोळ्यांच्या तीन नळ्या होत्या, दोन रिकाम्या, एक अर्धी.

मला समजतं, १६०० मीटरला २० मार्क आहेत, एका मार्कानं लिस्ट हुकते, वय निघून चाललं, घरी कापसाचे हाल. समजतं सगळं. म्हणून त्या पोट्ट्याचं नाव इथं लिहीत नाही.

त्याच्या बापाला फोन केला आहे. आणि ज्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न बघता ही बाटली दिली, त्यानं ही पोस्ट वाचलीच असेल.