सेव्होफ्लुरेनने दमा? एका भूलतज्ज्ञांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

सेव्होफ्लुरेन या भुलीच्या गॅसने ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) काम करणाऱ्यांनाच दमा होऊ शकतो, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, की सेव्होफ्लुरेन श्वासनलिका सैल करतं, दम्याचा झटका कशालाच दाद देईना तर आयसीयूत तेच हुंगवतात. मग त्यानेच दमा होतो म्हणणं म्हणजे ओटीतल्या मुलींना उगीच घाबरवणं.

पहिल्या दोन गोष्टी शंभर टक्के मान्य. तिसरीशी अडतं. नळ्या सैल करणं हा औषधाचा गुण, ॲलर्जी हा घेणाऱ्याच्या शरीराचा स्वभाव. पेनिसिलिनने जंतू मरतात म्हणून त्याची रिॲक्शन येत नाही, असं तुम्ही म्हणणार नाही. शिवाय पेशंटला गॅस टक्क्यांत मिळतो, ओटीत काम करणाऱ्या आम्हाला हवेतून दहा लाखांत काही भाग. तेवढ्याने नळ्या सैल होत नाहीत, पण एकदा बिथरलेल्या शरीराला तेवढं पुरतं.

एन्फ्लुरेन या त्याच जातीच्या जुन्या गॅसमुळे काम करणाऱ्यालाच दमा झाल्याची नोंद 1976 सालची आहे. सेव्होफ्लुरेन आणि त्याच जातीच्या आयसोफ्लुरेनची ब्रिटनमधून 2006 साली आली, तीही भूलविभागातल्याच कर्मचाऱ्यांची. नोंदी मोजक्या आहेत, कबूल. ग्लुटाराल्डिहाइड हे उपकरणं निर्जंतुक करायचं रसायन आणि पावडरवाले लेटेक्स ग्लोव्हज हे त्याहून कितीतरी मोठे गुन्हेगार. अमेरिकेने तर पावडरच्या ग्लोव्हजवर 2017 पासून बंदीच घातली. ओटीत कुणी खोकायला लागलं तर मीही आधी तिकडेच बघेन.

पण बघतं कोण? माझ्याबरोबरची एक सिस्टर कायम लहान मुलांच्या ऑपरेशनच्या लिस्टला असायची. मूल मास्क झटकणार, गॅस हिच्या तोंडावर. धाप लागायची ती मात्र रात्री, घरी. ‘फोडणीचा धूर असेल’ असं तिला सांगितलं गेलं. एन्फ्लुरेनच्या त्या नोंदीतही त्रास उशिरानेच झाला होता, आणि उशिरा होणारा त्रास नेहमी घराच्याच माथी मारला जातो. मे महिन्यात पंधरा दिवस गावी गेली, तर पंप बॅगेतून बाहेर काढावा लागला नाही. कामावर आली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वासाचा जोर मोजायची नळी, फुंकून दिवसातून चार वेळा आकडा लिहायचा, महिनाभर, सुट्टीच्या दिवशीही. एवढं कुणी सांगितलं असतं तर कामाचा संबंध कागदावर दिसला असता. तिला गॅस बाधला, ग्लुटाराल्डिहाइड की आणखी काही, हे शेवटपर्यंत कुणी शोधलं नाही. तिने नोकरी सोडली. माझा राग त्यावर आहे, तुमच्या व्हेपोरायझरवर, म्हणजे भुलीची वाफ देणाऱ्या यंत्रावर, नाही.

‘स्कॅव्हेंजिंग (वाया जाणारा गॅस ओढून बाहेर नेणारी नळी) असताना काळजी कसली?’ असंही तुम्ही विचारलंत. ती नळी मशीनला असते. ऑपरेशननंतर शुद्धीवर येण्याच्या खोलीत, रिकव्हरीत, पेशंट उच्छ्वासातून गॅस सोडत असतो आणि सिस्टर त्याच्या तोंडाशी वाकून हाका मारत असते, तिथे कुठली नळी? अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने 1977 साली अशा गॅससाठी सुचवलेली 2 पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत दोन भाग) मर्यादाही दमा डोळ्यांसमोर ठेवून काढलेली नाही, तेव्हा तिचा आधार इथे कितपत घ्यायचा ते तुम्हीच ठरवा.

मागच्या लेखाच्या शीर्षकातला ‘विषारी’ हा शब्द मात्र चुकलाच. आज काढलाय.