ऑस्ट्रेलिया अँटिजेन निगेटिव्ह आलं, म्हणून निर्धास्त?

ब्लड कॅन्सरच्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी म्हणून एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचं म्हणणं असं: 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन निगेटिव्ह म्हणजे हिपॅटायटिस बी नाही, पुढच्या टेस्ट लॅबच्या कमाईसाठी. केमोमुळे विषाणूत म्यूटेशन होतं, म्हणून केमोच टाळा. भीती वाटली तर लस घ्या. गोळी दिलीच तर केमो संपली की बंद करा.' रोज हेच रिपोर्ट टाइप करणाऱ्याला गप्प बसवेना.

पहिला मुद्दाच सगळ्यात घातक आहे. ऑस्ट्रेलिया अँटिजेन, म्हणजे एचबीएसएजी, हे विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचं प्रथिन. वीस वर्षांपूर्वी कावीळ होऊन बरी झाली, की ते रक्तातून जातं. पण विषाणूच्या डीएनएचं बंद कडं यकृताच्या पेशींच्या केंद्रकात तसंच राहतं. शरीराची प्रतिकारशक्ती त्याला दाबून धरते. लिम्फोमासाठी, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरसाठी, रिटुक्सिमॅब हे औषध दिलं की बी पेशी, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, जवळजवळ साफ होतात आणि तो दाब सुटतो. असं होऊन यकृत निकामी झालेले पेशंट दिसले, म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषध नियंत्रक संस्थेने, सप्टेंबर 2013 मध्ये हा धोका या औषधावरच्या सर्वांत कडक इशाऱ्यात घातला. जुना संसर्ग कळतो तो अँटी-एचबीसी टेस्टने, म्हणजे विषाणूच्या गाभ्याविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणाऱ्या टेस्टने. मेसेजवाल्याला जी 'कमाई' वाटते, ती हीच.

आता म्यूटेशन, म्हणजे विषाणूच्या जनुकांतला बदल. केमो म्यूटेशन घडवत नाही. या विषाणूचं नक्कल करणारं एन्झाइम चुका तपासतच नाही, त्यामुळे बदललेल्या प्रती सतत बनत असतात. पहारा उठला की नकला वाढतात, आणि त्यातल्या ओळख चुकवणाऱ्या तगून राहतात. अशी एक जागा प्रसिद्ध आहे: आवरणाच्या प्रथिनातली 145 वी. तिथे ग्लायसीनच्या जागी आर्जिनीन आलं की प्रथिनाचा तो वळसा बदलतो. टेस्ट किटमधली अँटीबॉडी नेमकी त्याच वळशाला चिकटणारी असेल, तर पोलिसांकडच्या वर्णनात 'मिशीवाला' आणि माणूस मिशी काढून हजर, तशी गत होते. बऱ्याच नव्या किट अशा प्रती पकडतात हे खरं, सगळ्या नाहीत. प्रतिकारशक्ती दबल्यामुळे (इम्युनोसप्रेशन) रोग उलटलेल्या पेशंटांत आवरणातले असे बदल पुष्कळदा सापडले आहेत. म्हणून शंका असली की डॉक्टर एचबीव्ही डीएनए, म्हणजे रक्तातला विषाणूचा डीएनए, मोजायला सांगतात.

गंमत म्हणजे, अमेरिकी शास्त्रज्ञ बरूच ब्लूमबर्ग यांना 1960 च्या दशकात हे अँटिजेन ल्युकेमियाच्या (ब्लड कॅन्सरचाच एक प्रकार) पेशंटांत वारंवार सापडलं, तेव्हा त्याचा संबंध ल्युकेमियाशीच असावा असा अंदाज होता. पुढे कळलं की ते कावीळीच्या विषाणूचं. 1976 चं नोबेल त्यांना मिळालं.

लस? आधी संसर्गच झाला नसेल तर लस चांगलीच. पण यकृतात बसलेल्या विषाणूला ती हुसकावत नाही, आणि बी पेशी नसताना लस घेऊन अँटीबॉडी बनणार कुठून?

गोळीचं मात्र नीट ऐका. विषाणूला रोखणारी एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर केमोच्या आधी सुरू होते आणि रिटुक्सिमॅबनंतर किमान वर्षभर, बरेचदा दीड वर्ष चालते, कारण बी पेशी परतायला महिने लागतात. शेवटच्या सलाइननंतर कित्येक महिन्यांनी रोग उलटतो, तेव्हा घरच्यांना केमो आठवतही नाही. पूर्वी लॅमिव्हुडीन देत. लांबल्या उपचारात तिला न जुमानणारा विषाणू अनेकांत तयार व्हायचा, म्हणून ती मागे पडली.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: अँटी-एचबीसीसाठी तपासणीचं रक्त, चढवायच्या रक्ताच्या पहिल्या बाटलीच्या आधीच द्या. रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी) चढल्यावर दात्याच्या अँटीबॉडी पेशंटच्या रक्तात येतात. मग रिपोर्ट पॉझिटिव्ह दिसतो, आणि तो कुणाचा, पेशंटचा की दात्याचा, हे रिपोर्टवरून सांगता येत नाही.