सल्ला देणारे पुष्कळ आहेत, अर्जाजवळ बसणारे हवे आहेत

शाळेच्या शेवटच्या वर्षात शिकणारी एक मुलगी माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या दप्तरात शिष्यवृत्तीचा एक अर्ज होता आणि त्याची मुदत संपायला चार दिवस उरले होते. पहिली अडीच पाने तिने सुवाच्य अक्षरात भरली होती. तिसऱ्या पानाच्या मध्यावर ‘वडिलांचे वार्षिक उत्पन्न’ असा रकाना होता आणि तिथून पुढचे सगळे कोरे होते. तिचे वडील बरीच वर्षे घरी राहत नव्हते, ते काय कमावतात हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. शून्य लिहावे तर ते खोटे ठरेल, रकाना रिकामा ठेवावा तर अर्ज बाद होईल आणि आईला विचारावे तर तिला वाईट वाटेल, अशा पेचात तिने तो अर्ज तीन आठवडे नुसता जवळ बाळगला होता. आम्ही अर्जावर छापलेल्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितले, की फक्त आईचे उत्पन्न लिहा आणि परिस्थिती सांगणारे चार ओळींचे पत्र सोबत जोडा. पत्र लिहून, सही करून, पुन्हा एकदा वाचून होईपर्यंत सगळी मिळून वीस मिनिटे लागली. उठताना ती म्हणाली, “ताई, एवढंच होतं?”

याच मुलीने त्या वर्षात करिअर मार्गदर्शनाची तीन व्याख्याने ऐकली होती. कोणत्या क्षेत्राला पुढे मागणी आहे, मोठी स्वप्ने का पाहावीत, अपयशाने खचून का जाऊ नये, हे सगळे तिला सांगून झाले होते. तुझा अर्ज कुठवर आला, हे मात्र तिला कोणीही विचारले नव्हते.

मी स्वतः अनेक वर्षे व्याख्याने देणाऱ्यांपैकीच होते, म्हणून हे लिहिताना कोणाकडे बोट दाखवण्याचा माझा हेतू नाही. एका मुलाला मी बारा वेगवेगळ्या अभ्यासक्रमांची माहिती दिली होती आणि त्याने ती वहीत नीट उतरवूनही घेतली होती. दोन महिन्यांनी कळले, की प्रवेश परीक्षेची नोंदणीच त्याच्याकडून राहून गेली. स्वाक्षरीची प्रतिमा ठरावीक आकारापेक्षा मोठी असल्यामुळे संकेतस्थळ ती स्वीकारत नव्हते, तो आकार लहान कसा करायचा हे त्याला माहीत नव्हते आणि इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी मला फोन करण्याचा त्याला संकोच वाटला. त्याचे एक वर्ष गेले. ती चूक त्याची होती असे मला आजही वाटत नाही. माहिती दिली की आपले काम संपले, असे समजणारी मी चुकले होते.

माझ्या या अनुभवाला आधार देणारा एक प्रयोग अर्थशास्त्रज्ञांनी करून ठेवला आहे. एरिक बेटिंगर, ब्रिजेट टेरी लाँग, फिलिप ओरिओपोलस आणि लिसा सॅनबॉनमात्सू यांनी अमेरिकेत अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांवर केलेला हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. एच अँड आर ब्लॉक या करविवरणपत्रे भरून देणाऱ्या कंपनीच्या कार्यालयांत ही कुटुंबे आपले विवरणपत्र भरायला येत असत. त्यांतल्या काहींना, त्याच बैठकीत, मुलाच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी मिळणाऱ्या सरकारी साहाय्याचा शंभराहून अधिक प्रश्नांचा अर्जही भरून देण्यात आला. करविवरणपत्रातली बरीचशी माहिती अर्जाला तशीच उपयोगी पडत असल्यामुळे या कामाला फार वेळ लागत नव्हता. दुसऱ्या गटातल्या कुटुंबांना किती साहाय्य मिळू शकेल याचा अंदाज आणि माहिती देण्यात आली, पण अर्ज त्यांचा त्यांनी भरायचा होता. ज्यांचा अर्ज भरून दिला गेला त्या घरांतील शालेय शिक्षण संपवणाऱ्या मुलांपैकी ३६ टक्के मुलांनी पुढच्या तीन वर्षांत महाविद्यालयाची दोन वर्षे पूर्ण केली, तर कोणतीच मदत न मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण २८ टक्के होते. नुसती माहिती मिळालेल्यांमध्ये मात्र काहीही सुधारणा दिसली नाही. हा निष्कर्ष मी प्रथम वाचला तेव्हा मला तो मुलगा आणि त्याची ती बारा अभ्यासक्रमांची वही आठवली.

अर्ज ही सगळ्यात शेवटची पायरी आहे, हे मला मान्य आहे. त्याआधी कुठे जायचे हे मुलाला ठरवावे लागते आणि तिथेही आपण त्याला जवळजवळ एकटेच सोडतो. ‘तुला पुढे काय व्हायचं आहे?’ हा प्रश्न आपण दहा वेळा विचारतो, पण उत्तर देण्यासाठी लागणारा अनुभव त्याच्या पदरी एकदाही टाकत नाही. ओईसीडी या आर्थिक सहकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या तिच्या चाचणीच्या २०१८ च्या फेरीच्या आधारे जानेवारी २०२० मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. एकेचाळीस देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलामुलींना तिशीत आपण कोणते काम करत असू असे विचारले, तेव्हा ४७ टक्के मुलांनी आणि ५३ टक्के मुलींनी केवळ दहा लोकप्रिय व्यवसायांपैकीच एखाद्याचे नाव सांगितले. ज्या जगात हजारो प्रकारची कामे चालतात, त्या जगातली निम्मी मुले दहा नावांपाशी थांबतात. मुलांची कल्पनाशक्ती तोकडी आहे असा याचा अर्थ मी लावत नाही. त्यांनी जेवढे पाहिले तेवढेच ती सांगतात.

बोस्टन शहरात १९०८ साली व्यवसाय मार्गदर्शनाचे कार्यालय सुरू करणारे फ्रँक पार्सन्स यांनी योग्य निवडीसाठी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. स्वतःची नीट ओळख हवी, निरनिराळ्या कामांचे ज्ञान हवे आणि या दोहोंची सांगड घालणारा विचार हवा. ते त्याच वर्षी वारले आणि त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झाले. शंभराहून अधिक वर्षे उलटली तरी आपण अजून पहिल्या गोष्टीतच अडकलो आहोत, असे मला वाटते. मुलाची कलचाचणी घ्यायची, रंगीत आलेख हाती द्यायचा आणि मार्गदर्शन झाले असे मानायचे, ही पद्धत सर्रास दिसते. कलचाचणीला माझा विरोध नाही; तिच्यामुळे बोलण्याला सुरुवात करायला शब्द मिळतात. परंतु आवड दाखवणारी चाचणी क्षमता मोजत नाही आणि ज्या कामाचे मुलाने नावही ऐकलेले नाही, त्या कामाची आवड त्याच्या उत्तरांत उमटणार तरी कशी?

काम पाहण्याला दुसरा पर्याय नाही, या मतावर मी आता ठाम आहे. वास्तुविशारद होण्याची इच्छा असलेल्या एका मुलाला आम्ही एक पूर्ण दिवस एका वास्तुविशारदांच्या कचेरीत बसवले. त्याच्या डोळ्यांसमोर रेखाटने आणि उंच इमारती होत्या. प्रत्यक्षात सकाळचे दोन तास कंत्राटदाराशी फोनवर बोलण्यात गेले, कारण जिन्याच्या पायऱ्यांची उंची नकाशाप्रमाणे आली नव्हती. त्यानंतर दाराची जागा वीतभर सरकवल्यामुळे चार नकाशे दुरुस्त करावे लागले आणि दुपारी घरमालकांच्या कुटुंबातील तिघांची तीन वेगवेगळी मते ऐकून घेण्यात वेळ गेला. संध्याकाळी त्याने मला विचारले, “ताई, या कामात इतकं बोलावं लागतं?” त्याने आपला निर्णय बदलला नाही. पण त्या दिवसापासून चारचौघांत बोलण्याचा सराव त्याने मनावर घेतला आणि ती गोष्ट माझ्या कोणत्याही भाषणाने साधली नसती. अशा भेटीला जाणाऱ्या मुलांना मी मोजकेच प्रश्न लिहून देते. काल सकाळी आल्यावर तुम्ही पहिले काम कोणते केले? या कामातला कंटाळवाणा भाग कोणता? चूक झाली तर ती कोणाला भोवते? ‘यशाचे रहस्य काय?’ असे विचारले की भाषणच ऐकायला मिळते, म्हणून तो प्रश्न मी आवर्जून टाळायला सांगते.

अशा भेटी कोणाला मिळतात, हा यातला खरा अन्यायाचा भाग आहे. ज्याच्या घरात वकील, डॉक्टर, हिशेबतपासनीस यांची ऊठबस आहे, त्याला हे सगळे जेवताजेवता कानावर पडते. ज्याच्या घरात तशी ओळखच नाही, त्याने हा प्रश्न विचारायचा तरी कोणाला? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिले, की नोकऱ्यांची माहिती बहुधा जिवलगांकडून न येता दूरच्या, अधूनमधून भेटणाऱ्या परिचितांकडून येते. ओळखीतून नोकरी मिळालेल्या ज्या लोकांशी ते बोलले, त्यांच्यापैकी सुमारे १७ टक्केच त्या परिचिताला वरचेवर भेटत होते. बाकीच्यांच्या गाठीभेटी प्रसंगोपात्त किंवा क्वचितच होत होत्या. जवळच्यांना बहुधा आपल्याला माहीत असते तेवढेच माहीत असते, दूरचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो. म्हणून आपण मोठी माणसे मुलांना आपली दूरची ओळख उसनी देऊ शकतो. त्यासाठी पैसा लागत नाही, एक फोन करावा लागतो.

महाविद्यालयाच्या तयारीचा आणखी एक भाग फार दुर्लक्षित आहे, तो म्हणजे अभ्यास कसा करायचा हे शिकणे. शाळेत रोज कोणीतरी वही पाहते, आठवण करून देते, रागावते. महाविद्यालयात गेल्यावर हे एकाएकी थांबते आणि हुशार समजली जाणारी मुलेही पहिल्या सत्रातच गडबडतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा देण्यात आला. काहींनी तो दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के भाग आठवत होता आणि दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. पुन्हा पुन्हा वाचताना सगळे येते आहे असे वाटत राहते, तीच फसगत असते. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहायचे आणि मग पुस्तक उघडून राहिलेले भरायचे, एवढी सवय शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत लागली तर ती पुढे कायम उपयोगी पडते. मी मुलांसमोर हे स्वतः करून दाखवते, कारण सांगून ते कोणालाही पटत नाही.

खर्चाबाबत थोडक्यात सांगते. पहिल्या वर्षाचे शुल्क पाहून निर्णय घेऊ नका. पूर्ण अभ्यासक्रमाचा, राहण्याखाण्यासह येणारा खर्च एका कागदावर मांडा आणि त्यात शिष्यवृत्ती किती व फेडावे लागणारे कर्ज किती, हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. शिष्यवृत्ती दरवर्षी चालू राहण्यासाठी किती गुण लागतात, हेही त्याच कागदावर असू द्या.

महाविद्यालय हाच एकमेव मार्ग आहे असे सुचवणेही आता थांबायला हवे. स्वित्झर्लंडमध्ये सक्तीचे शिक्षण संपल्यावर सुमारे दोनतृतीयांश मुले व्यावसायिक प्रशिक्षणाकडे वळतात, आठवड्यातले काही दिवस प्रत्यक्ष कामावर आणि उरलेले वर्गात घालवतात आणि त्यांच्यासाठी उच्च शिक्षणाची वाट पुढेही खुली राहते. ती वाट खुली असणे फार महत्त्वाचे आहे. हाताने काम करण्याचा मार्ग ‘कमी गुणांच्या मुलांसाठी’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या कामात रस असलेल्या मुलाला गप्प करतो आणि तो गप्प झाला हे आपल्या लक्षातही येत नाही.

प्रवेश मिळाला की सगळे सुटकेचा निःश्वास सोडतात, पण नेमके त्यानंतरचे दोन-तीन महिने धोक्याचे असतात. शाळा संपलेली असते, महाविद्यालय सुरू झालेले नसते, विचारायला कोणी नसते आणि मूळ कागदपत्रे, शुल्काची तारीख, वसतिगृहाची नोंदणी अशा गोष्टी मात्र एकामागून एक येत राहतात. प्रवेश निश्चित झालेली मुले याच काळात गळतात, हे अमेरिकेतल्या अभ्यासकांनी बारकाईने नोंदवले आहे आणि वेळच्या वेळी पाठवलेल्या साध्या संदेशांनीही काही ठिकाणी ही गळती कमी झाल्याचे त्यांना दिसले आहे. मी आता प्रत्येक मुलाबरोबर बसून या महिन्यांच्या तारखा एका कागदावर लिहून काढते, त्याची एक प्रत माझ्याकडे ठेवते आणि प्रत्येक तारखेच्या आठवडाभर आधी त्याला फोन करते.

या वर्षी माझ्याकडे अकरा मुले आहेत आणि अकरांपेक्षा जास्त मुलांकडे एकटीने नीट लक्ष देणे मला जमत नाही. ही पोस्ट वाचणाऱ्यांपैकी ज्यांना पुढचे चार महिने, दर आठवड्याला दोन तास, एका मुलाच्या किंवा मुलीच्या शेजारी बसता येईल, त्यांनी मला संदेश पाठवावा. विषयाचे विशेष ज्ञान असण्याची गरज नाही. फॉर्म शांतपणे वाचता यावा आणि न कळलेले दुसऱ्याला विचारण्याची तयारी असावी. ज्यांना इतका वेळ देता येणार नाही, पण आपल्या कामाच्या ठिकाणी एका विद्यार्थ्याला एक दिवस बसू देता येईल, त्यांनी आपण काय काम करता ते दोन ओळींत लिहून कळवावे. ज्या कामाचे नाव मुलांनी आजवर ऐकलेले नाही, असे काम करणाऱ्यांनी तर नक्कीच लिहावे.