देवीचं नाणं, रामाचा आणा आणि आधी भरायची ‘फी’

‘वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे? दहा लाख मिळतील! १८१८चा रामदरबारचा आणा, शिवाजी महाराजांची शिवराई, राणीछाप रुपया, तोंड मागेल तो भाव. नाणं चकचकीत करून फोटो पाठवा. रिझर्व्ह बँकेची मान्यता.’ हा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. एकेक दावा घेऊ.

वैष्णोदेवीची पाच आणि दहाची नाणी सरकारने २०१२ साली श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त काढली, तीही ढिगाने. किराणावाल्याकडून सुट्ट्यात येतील अशी. दहा लाख हा कुणीतरी जाहिरातीत टाकलेला आकडा आहे. मागायला काय, कोणी कितीही मागेल. लिलावात हातोडा कितीवर पडला ते विचारा.

रामदरबारवर फार शब्द खर्चायला नकोत. ईस्ट इंडिया कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. ते नंतर कुणीतरी बनवलेलं टोकन, म्हणजे चलन नसलेला नुसता बिल्ला.

शिवराईचं तसं नाही. ती अस्सल असते: एकीकडे ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. पण महाराजांच्या माघारी पेशवाईतही हाच छाप चालू राहिला. घरोघरी देवघरात निघते ती बहुतेक पुढच्या काळातली, दुदांडी म्हणतात ती. झिजलेली असेल तर लाख सोडाच, हजारही कठीण.

राणीछाप रुपयावर १८६२ साल दिसलं की लोक हुरळतात. टांकसाळीने पुढे कित्येक वर्षं रुपयावर तेच साल कायम ठेवलं, म्हणून तो मुबलक आहे. ११.६६ ग्रॅम वजन, त्यात सुमारे ९२ टक्के चांदी. तेवढ्या चांदीचे पैसे कुठे जात नाहीत. वर काय मिळेल ते छाप किती शाबूत आहे त्यावर. उलट १९३९चा रुपया वयाने कितीतरी लहान, पण दुर्मीळ, म्हणून महाग. (आणि म्हणूनच त्याचे नकली फार.)

चकचकीत करण्याबद्दल: चिंच, राख, पावडर, काही लावू नका. घासलेलं नाणं जाणकार लगेच ओळखतो आणि भाव पाडतो.

राहिली ‘मान्यता’. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्येच जाहीर केलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही, आणि तिच्या नावाने शुल्क वा कमिशन घेण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. फोटो पाठवल्यावर नोंदणी फी, मग ‘जीएसटी’, मग कुरिअरचे पैसे मागतात, ते याच नावावर. नाणं घेणारा पैसे देतो की मागतो, एवढं बघा.