पंपाचे किलोमीटर कोण मोजते?

दोन वर्षांआधी सह्याद्रीत पहिल्यांदा 25 किलोमीटरची ट्रेल रेस, म्हणजे डोंगरातल्या पायवाटेवरची शर्यत, धावलो. रेस झाल्यावर जेवणाच्या लाइनीत एक पुण्याचा भाऊ म्हणाला, "तुमचं बरंय हो, शेतीवाले तुम्ही, तुमचं ट्रेनिंग आपोआपच होतं." मला लय भारी वाटलं राजेहो, छाती फुगवूनच घरी आलो. आता ते वाक्य आठवलं की राग येतो, त्या भाऊचा नाही, तो चांगल्या मनानं बोलला, माझाच येतो, कारण त्या वाक्यावर मी पुढचा अख्खा सीझन काढला आणि पाय मोडून घरी बसलो.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, परतवाड्याच्या अलीकडे, सातपुडा समोर दिसतो. वावर सात एकर, पऱ्हाटी म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर, थोडी संत्र्याची झाडं. धावायला लागलो ते पोलीस भरतीवाल्या पोट्ट्यांमुळे. पहाटे साडेचारला रोडवर ते 1600 मीटर मारत असतात, मी रात्रीचं ओलित करून चिखलाच्या पायांनी घरी येत होतो तर म्हणाले, "काका, या ना!" काका! छत्तीसचा होतो मी. इज्जतीचा प्रश्न म्हणून पळालो आणि धुऱ्यावर बसून ओकलो. पण चार दिवसांनी परत गेलो. पोट्टे 1600 वर थांबायचे, मी पांदणीनं पुढं जायचो, पाच, आठ, बारा, मग एका रविवारी एकवीस झाले आणि त्या दिवशी समजलं की हे आता काही सुटत नाही.

गावाला अजून हे पटलेलं नाही. पारावरचे म्हातारे विचारतात, "काहून पळतं बे, सावकार मागं लागला का?" माय म्हणते, "दिवसभर वावरात पाय मोडून घेतं, वरून हे कायले?" मायचं बोलणं मी हसण्यावारी न्यायचो. पूर्ण प्रश्न तिनं एका वाक्यात सांगितला होता.

झालं असं की मागच्या वर्षी 50 किलोमीटरची रेस भरली आणि मोबाइलवरून 24 आठवड्यांचा प्लॅन काढला. प्लॅन चांगलाच होता, मंगळवारी चढ, गुरुवारी टेम्पो म्हणजे एका लयीत जोराची धाव, शनिवार-रविवार लांब धाव, सोमवार आणि शुक्रवार आराम. आता आरामाच्या दिवशी मी काय करायचो तर फवारणी! प्लॅनवाल्याच्या डोक्यात आराम म्हणजे ऑफिसातली खुर्ची असणार, आणि माझ्या डोक्यात आराम म्हणजे धावलो नाही तो आराम.

जरा हिशोब सांगतो, मी स्वतः लय उशिरा केला. पऱ्हाटी चार फुटांवर असेल आणि प्रत्येक ओळीतून फवारत गेलं तर एका एकरात तीन किलोमीटरच्या वर चालणं होतं. तीन एकर म्हणजे दहा. पाठीवर 16 लिटरचा पंप, भरला की पंपासकट वीस किलो, आणि खाली ओली काळी माती, जी प्रत्येक पावलाला बुटाला किलोभर चिकटते आणि सोडत नाही. हे दहा किलोमीटर माझ्या पळण्याचा हिशोब ठेवणाऱ्या घड्याळात कुठंच नव्हते, कारण औषध उडते म्हणून घड्याळ मी घरी ठेवायचो. घड्याळ मला सांगायचं, रिकव्हरी मस्त आहे, आज जोरात पळा! आणि मी पळायचो.

त्यात रात्रीची लाइन, म्हणजे मोटरची वीज. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रब्बीत बारा वाजता मोटर सुरू करून स्प्रिंकलरचे पाइप बदलत बसायचं, थंडी, रानडुकरं, टॉर्च मारला की रोह्याचे, म्हणजे नीलगाईचे, डोळे. तीन वाजता झोपायचं आणि साडेचारला उठून 18 किलोमीटर. याला मी 'मेंटल ट्रेनिंग' म्हणायचो. काय बोलावं.

पण सगळं वाईटच होतं असं नाही. ऑगस्टमधला एक रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. धामणगाव गढीपासून वर चिखलदऱ्याच्या घाटात चढत गेलो, धुकं एवढं की पुढचं वळण दिसत नव्हतं, फक्त पाण्याचा आवाज आणि ओल्या सागाचा वास. चिखलदरा 1118 मीटरवर आहे, आपल्या विदर्भाला हिल स्टेशन म्हणून एवढंच, तर मला हट्ट होता की थांबायचं नाही, चालायचं नाही, पूर्ण पळतच वर जायचं. अर्ध्यात दम तुटला. तेवढ्यात एक कोरकू म्हातारबा खांद्यावर कुऱ्हाड घेऊन मागून आले आणि आरामात चालत मला मागं टाकून निघून गेले. मी 'पळत' होतो बरं का. मग मीही हात मांडीवर टेकवून लांब पावलं टाकत त्यांच्या मागं चाललो आणि पाहतो तर स्पीड तोच, धाप अर्धी. लांबच्या ट्रेल रेसमध्ये पुढचे लोकही उभ्या चढाला चालतात हे मी वाचलं होतं, पण गर्व आडवा येत होता. तो त्या घाटात गेला. वर टपरीवर चहा घेतला तेव्हा डोळ्यात पाणी आलं, कशानं ते माहीत नाही.

आणि मग उतरलो. उड्या मारत, हात पसरून, शाळा सुटल्यासारखा. पुढचे तीन दिवस संडासात बसता येईना, भिंत धरून बसायचं आणि बायकोला हाक मारून उठायचं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक मारत असतो, त्यानं आतून बारीक बारीक फाटतो आणि खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. गंमत म्हणजे असा एकदा उतार खाल्ला की पुढचे काही आठवडे तोच उतार एवढा मारत नाही, पाय शिकतात. आपल्या सपाट मुलखातल्या माणसाची अडचण हीच आहे, चढाची तयारी कशीतरी होते, जिना म्हणा, टायर ओढणं म्हणा, पण उतार कुठून आणायचा? आणि मेळघाटच्या जंगलात मनात आलं म्हणून पळत शिरता येत नाही, ते वाघाचं घर आहे. डांबरी घाट एवढाच आधार.

ऑक्टोबरात बसलं सगळं. सोयाबीन सोंगायला मजूर मिळेना, घरच्यांनीच सहा दिवस वाकून सोंगलं, आणि प्लॅनमधला सगळ्यात मोठा आठवडा नेमका तोच, 80 किलोमीटर. डाव्या पायाच्या नळीला, नडगीला, दुखणं सुरू झालं. आधी पूर्ण नळीभर दुखायचं, बर्फ लावला, तेल लावलं, पळालो. मग ते एका जागी आलं, एका बोटानं दाखवता येईल असं, आणि त्या पायावर उडी मारली की कळ डोक्यात जायची. ज्यांना असं होतं त्यांनी हे लक्षात ठेवा, पसरलेलं दुखणं वेगळं आणि एका बोटाएवढं दुखणं वेगळं, दुसऱ्यात हाडालाच तडा असू शकतो, तिथं तेल-मालिशचा शहाणपणा करू नका.

अमरावतीला डॉक्टरला दाखवलं. त्यांनी विचारलं, दिवसभर काय काम करता? मी म्हटलं, काही नाही, शेती करतो.

डॉक्टरनं लिहायचं थांबवून माझ्याकडे पाह्यलं. मग त्या 'काही नाही' मध्ये काय काय येतं ते एक एक करून विचारलं. सहा आठवडे धावणं बंद. रेसचे पैसे गेले ते गेले.

घरी आलो तर बाबा ओसरीवर. बाबांच्या जवानीत आमच्याकडे शंकरपटाची, म्हणजे शर्यतीच्या बैलांची, जोडी होती. म्हणाले, "पटाच्या जोडीले कोणी वखराले जुंपते का? तू दोन्ही करून राह्यला. आन् बैलाले निदान पोळा असते." एवढं बोलून पान लावत बसले. अरे मग हे तीन महिन्यांआधी सांगायचं ना! तर म्हणे, "तू इच्यारलं कुठी?"

तर माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा. शेतातलं काम म्हणजे ट्रेनिंग नाही. पंप पाठीवर घेऊन हळूहळू चालल्यानं चार तास पळायचा दम येत नाही, उतार तर येतच नाही. पण थकवा त्याच पायात जमा होतो. म्हणजे फायदा चार आणे आणि खर्च पूर्ण रुपया. गावातल्या गवंड्याला, हमालाला, दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला "तुम्हाला व्यायामाची काय गरज" म्हणणारे लोक हाच घोळ करतात, आणि धावणारा शेतकरी बरोबर त्याच्या उलटा घोळ करतो, मी केला तो.

आता मी वही ठेवली आहे, पोरीच्या शाळेची उरलेली. त्यात धावणं कमी आणि बाकीचंच जास्त लिहितो, पंप किती, लाइन रात्रीची की दिवसाची, झोप किती. फवारणीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धावणं नाही. औषध अंगावर घेऊन पळणं तसंही येडेपणाच आहे, 2017 मध्ये यवतमाळकडे फवारणीनं किती माणसं गेली ते आपण विसरलो का? सोंगणीचा आठवडा यंदा पूर्ण सुट्टी. सगळे मिळून आठवड्याला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर होतात, 50 ची रेस धावणाऱ्याला हे ऐकून हसू येईल. येऊ द्या. मला अजून खात्री नाही की एवढ्यात रेस पुरी होईल, पण नळी दुखत नाही.

खाण्याचं विचारतात लोक. तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्बोहायड्रेट, म्हणजे साखर-पिठूळ, पोटात जायला पाहिजे असं सांगतात, पळताना चोखायच्या एनर्जी जेलचं एक पाकीट शंभराच्या वर जाते, मी गूळ, केळं आणि ओआरएसवर भागवतो. फुटाणे मात्र पळताना खाऊ नका, कोरड्या तोंडात असा ठसका लागला होता की धुऱ्यावरचा कुत्रा घाबरून पळाला.

आज रात्री बारा ते सकाळपर्यंत लाइन आहे, हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे, म्हणून उद्याची धाव कॅन्सल. रविवारी धामणगाव गढीहून वर जातो. परतवाडा, अचलपूर, चांदूर बाजारकडचं कोणी असेल तर सकाळी साडेपाचला या. मोटरसायकलवाला एक जण पाहिजे, सामान वर न्यायला. आणि उतारावर माझं काही झालं तर मला खाली आणायला.